पाटीवरचे चाळीस

“बाई, पाण्याखाली रडलं तर मास्कमध्ये पाणी साचतं का हो?”

बोटीवर दातवाले काकांचं केळं तोंडाशी येऊन तिथंच थांबलं. बाबांनी ‘ही कोणाची पोर, मला ठाऊक नाही’ असा चेहरा करून लांब समुद्राकडे बघायला सुरुवात केली. आणि भिंगरी मात्र जीभ दातांखाली दाबून, हसू गिळत, बाईंच्या डोळ्यांत डोळे घालून उभी.

प्रश्न तिचा नव्हता. वर्गातल्या तिच्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती: बोटीवरच्या सगळ्यांत कडक माणसाला, सगळ्यांच्या देखत, न हसता हे विचारून दाखव. नाही जमलं तर आठवडाभर आमची दप्तरं तुझ्या खांद्यावर. गेल्या वर्षीची भिंगरी असती तर मुकाट्यानं दप्तरं उचलून मोकळी झाली असती. हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही तिचा आवाज दाराशी येऊन परत घरात पळायचा. पण या वर्षी तिनं दोन महिने तलावात घासून स्कूबाचा कोर्स केला, समुद्रात चार डाइव्ह मारल्या, अठरा मीटरपर्यंत जायचं कार्ड मिळवलं, आणि तेव्हापासून तिचं तोंड असं काही सुटलं होतं की आई म्हणायची, “पाण्याखाली तोंडात नळी असते ना, तेवढीच जगाला विश्रांती.”

“साचतं,” बाई म्हणाल्या. सिलिंडरचा पट्टा आवळता आवळता, मान वर न करता. “थोडंसं. नाकानं फुंकलं की जातं. त्यापेक्षा शेंबूड जास्त साचतो. आणखी काही?”

“नाही बाई.”

“मी तर दर डाइव्हला रडतो,” दातवाले काका म्हणाले. “पण वर आल्यावर. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायचा असतो म्हणून.”

भिंगरीनं मनातल्या मनात पैजेवर शिक्का मारला. गड सर!

बोटीवर डायव्हर चारच. बाई, म्हणजे उभं आयुष्य शाळेत पोहायला शिकवून निवृत्त झालेल्या, भिंगरीच्या खांद्याला लागतील एवढ्याच उंचीच्या, पण त्यांनी नुसता घसा खाकरला तरी लाटासुद्धा रांगेत उभ्या राहतील अशा. भिंगरीला तलावात त्यांनीच तयार केलं होतं. दुसरे दातवाले काका, त्यांचे नेहमीचे जोडीदार. आठवडाभर लोकांची तोंडं उघडायची आणि रविवारी आपलं बंद ठेवायचं, असं ते स्वतःच सांगायचे. मग बाबा. मग भिंगरी. आणि बोट चालवायला बोटवाले काका, जे पंचवीस वर्षं डायव्हरांना समुद्रावर नेत होते आणि स्वतः कधी गुडघ्याच्या वर भिजले नव्हते.

भिंगरीचे जोडीदार अर्थातच बाबा. त्यात निवडीचा प्रश्नच नव्हता, कारण आईची अट. आई औषधांच्या दुकानात कामाला. गोळ्यांच्या खोक्यातला घडीघडीचा, मुंगीच्या अक्षरातला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी जगातली ती एकटीच बाई असावी. कोर्सचा फॉर्मही तिनं तसाच वाचला, दोनदा, आणि सही करण्याआधी पेन हवेत धरून म्हणाली, “बाबांबरोबरच उतरायचं. बाबा नसतील त्या दिवशी तू पण नाहीस. आणि काही वेडंवाकडं झालेलं माझ्या कानावर आलं, तर हे सगळं त्याच दिवशी बंद. कबूल?”

“कबूल, कबूल, कबूल!” भिंगरी म्हणाली होती. पाण्याखाली जायला मिळणार असेल तर तिनं तेव्हा चंद्रावर झाडू मारायलाही होकार दिला असता.

बाबांचं पाण्याखाली येणंजाणं तिच्या जन्माच्या आधीपासूनचं. मधली सहा वर्षं कामाच्या रगाड्यात सुटली होती. ते लिफ्टची तपासणी करतात, आणि शहरात दर महिन्याला नवी इमारत उभी राहत होती. त्या सहा वर्षांत पोट थोडं पुढं आलं होतं, सूटची चेन लावायला आता दोन माणसं लागत होती. पण गोष्टी तर त्यांच्याचकडे होत्या. त्यातली सगळ्यांत भारी या जहाजाची. मालवाहू जहाज, बाबा स्वतः शाळेत असताना वादळात बुडालेलं. माणसं सगळी वाचली. माल बुडाला. आणि माल काय, तर शाळेची बाकं! शेकडो. लोखंडी सांगाड्यांची. लाकूड कधीच किड्यांनी खाल्लं, सांगाडे तसेच उभे. “समुद्राच्या तळाशी अख्खी शाळा भरलीय,” बाबा ती लहान असताना रात्री सांगायचे. “आणि शेवटी, एका टेबलाच्या मागं, एक भला मोठा मासा बसलेला असतो. हेडमास्तर. जबडा असा, की समोर गेलं की गृहपाठ आठवतो.”

आज ती हेडमास्तरांना भेटणार होती. 

“पाटी,” बाई म्हणाल्या.

पाटी हा त्यांच्या गटाचा जुना नेम. प्लॅस्टिकची पांढरी पाटी, दोरीनं पेन्सिल बांधलेली. सगळ्यांत लहान डायव्हरनं ती सांभाळायची. उतरण्याआधी प्रत्येकाच्या सिलिंडरच्या काट्यावरचा हवेचा आकडा लिहायचा आणि वर आल्यावर पुन्हा लिहायचा. भरलेलं सिलिंडर म्हणजे दोनशे. ज्याचा काटा शंभरला पोहोचेल त्यानं जोडीदाराला सांगायचं आणि दोघांनी परत फिरायचं. आणि पन्नासच्या खाली येऊन जो बोटीवर चढेल तो उरलेला दिवस बोटीवर बसेल, मग तो कोणी का असेना. दातवाले काका एकदा अठ्ठेचाळीसवर वर आले होते. “दोनसाठी!” ते अजून कळवळून सांगायचे. “दोनसाठी मी दिवसभर यांचं तोंड बघत बसलो.” बोटवाले काका त्यावर नेहमी म्हणायचे, “माझं पण काही फार चांगलं चाललं नव्हतं त्या दिवशी.”

भिंगरीनं चारही आकडे लिहिले. दोनशे, दोनशे, दोनशे पाच, दोनशे. पाटी बाकाखाली सरकवली, काचेवर वाफ धरू नये म्हणून मास्कमध्ये थुंकली, तो धुतला, चढवला आणि बोटीच्या कडेवरून पाठमोरी धडाम!

खाली जाणारा दोर धरून ती उतरत गेली. कान दुखले की नाक दाबून फुंकायचं, पुन्हा खाली. पाणी हिरवं, मग जास्त हिरवं, मग त्या हिरव्यात एक मोठी काळी भिंत उगवली आणि भिंत म्हणता म्हणता तिचं जहाज झालं. बाई आणि दातवाले काका शेपटाच्या बाजूला वळले. बाबांनी हातानं इशारा केला: आपण इकडे.

माल ठेवायच्या कोठारावरची झाकणं कधीच गेली होती, त्यामुळे वरून सरळ आत उतरता येत होतं. डोक्यावर छप्पर असलेल्या जागी जायचं नाही हे तर तिच्या कार्डावरच छापलेलं. ती आत उतरली आणि तिच्या नळीतून बुडबुड्यांचा असा लोट सुटला, की ती पाण्याखाली ओरडली हे समुद्रातल्या सगळ्यांना कळलं असेल.

बाकं! खरोखर! ओळीनं नाही, ढिगानं. एकावर एक, आडवी, उताणी, पाय वर केलेली, मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर वर्गाची जी दशा होते तशी. सांगाड्यांवर शिंपले, मऊ पांढरे झुपके, आणि मधून मधून चांदीच्या टाचण्यांसारखे छोटे मासे शेकड्यानं. एका सरळ राहिलेल्या सांगाड्यावर भिंगरी चक्क बसायला गेली, आणि बाबांनी बोट हलवून नाही म्हटलं. गंजलेलं लोखंड सूट फाडतं.

दहा मिनिटं झाली. तिनं शिकवल्याप्रमाणे आपला काटा पाहिला: एकशे पासष्ट. बाबांकडे वळून डाव्या तळव्यावर उजव्या हाताची दोन बोटं टेकवली. म्हणजे: तुमचा आकडा किती?

बाबांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल दाखवला. सगळं ठीक.

ती पुढं गेली. एक निळा-पिवळा मासा तिच्या काचेसमोर येऊन थांबला, जणू विचारत होता, ही नवी मुलगी कोणत्या तुकडीतली. चौदा-पंधरा मिनिटं झाली असतील. तिनं परत विचारलं: आकडा?

ठीक.

आता भिंगरी चिडली नाही, पण तिला खटकलं. आकडा विचारला की आकडा सांगायचा, बोटांनी. ‘ठीक’ हे त्या प्रश्नाचं उत्तरच नव्हे. बाईंनी तलावात पहिल्याच दिवशी ते डोक्यात हातोडीनं बसवलं होतं. नवखी पोरं ही चूक करतच नाहीत, त्यांना धाकच तेवढा असतो. ही चूक करतात वीस वर्षं पाण्याखाली जाणारे. त्यांना वाटतं, काट्याचं काम आपला अंदाज करतो. आणि बाबांचा अंदाज होता सहा वर्षांपूर्वीच्या बाबांचा, ज्यांच्या सूटची चेन एकट्यानं लागायची.

बाबा पुढं, ढिगाच्या पार टोकाकडे निघाले होते. झपाझप पाय मारत, आणि त्यांच्या बुडबुड्यांना मध्ये उसंतच नव्हती. विसावं मिनिट. तिनं त्यांचा पाय धरला. तिसऱ्यांदा: आकडा?

बाबांनी गोल दाखवला आणि उत्साहानं पुढं बोट केलं. हेडमास्तर. तिथं. आलंच.

मग भिंगरीनं असं काही केलं, जे गेल्या वर्षीच्या भिंगरीनं सात जन्मांत केलं नसतं. तिनं बाबांच्या कमरेला लटकणारा काटा हातात घेतला आणि स्वतः वाचला.

सत्तर.

तिचा स्वतःचा एकशे तीस होता.

तिनं अंगठा वर केला. वर जायचं. या खुणेवर पाण्याखाली वाद होत नाही. एकानं अंगठा दाखवला की दोघं निघतात, का ते वर गेल्यावर. बाबांनी एक बोट दाखवलं: एक मिनिट. तिनं पुन्हा अंगठा दाखवला, त्यांच्या मास्कच्या अगदी समोर धरून. काचेआड बाबांचे डोळे एकदा टेबलाच्या दिशेला गेले आणि परत आले. मग त्यांनीही अंगठा दाखवला.

दोरापर्यंत पोहत यायला वेळ गेला. वर येताना, रक्तात मुरलेला वायू निघून जावा म्हणून, पाच मीटरवर थांबून तीन मिनिटं काढायची असतात, ती त्यांनी समोरासमोर, दोर धरून काढली. बाबांनी एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. त्यांचा काटा तिच्या तोंडासमोरच लोंबकळत होता. बोटीच्या शिडीला हात लागला तेव्हा चाळीस.

वर आल्यावर बाबांनी पहिलं काम केलं ते सिलिंडर बंद करून नळीतली हवा सोडून द्यायचं. फुस्सस्स. काटा शून्यावर आला. आता तो आकडा जगात फक्त दोन माणसांना माहीत होता.

“काय गं, घाई केलीस,” बाबा केस पुसत म्हणाले. हसूनच. “दहा हात राहिला होता तो.”

“तुम्ही सत्तरवर होता.”

“अगं, सत्तर म्हणजे काय कमी आहे? पूर्वी मी सत्तरमध्ये अर्धा समुद्र फिरून यायचो.” आवाज खाली आला. “हे बघ. पन्नास लिही. दुसऱ्या डाइव्हला सरळ त्याच्याकडेच जाऊ. पाच मिनिटांत दाखवतो.”

भिंगरीनं पाटी मांडीवर घेतली. एकशे दहा, हे तिचं स्वतःचं. लिहिलं. बाबांच्या नावापुढं पेन्सिल थांबली.

ती काही बावळट नव्हती. हिशेब तिला लख्ख दिसत होता. चाळीस लिहिलं की बाबा दिवसभर बोटीवर. बाबा बोटीवर की आईच्या अटीप्रमाणे तीही बोटीवर. आणि आईला कळलं की आजच नव्हे, कायमचंच बोटीवर. बोटीवर तरी कसलं, घरी. पन्नास लिहिलं की कोणाचंच काही बिघडत नव्हतं. दहाचा फरक. समोर बाबा, ज्यांनी तिला जहाजाची गोष्ट सांगून सांगून मोठं केलं. हेच बाबा लिफ्टमध्ये सहाऐवजी सातवा माणूस चढला तर सगळ्यांना बाहेर काढतात, मग तो सोसायटीचा अध्यक्ष असला तरी. “सात माणसांनी लिफ्ट पडत नाही,” अध्यक्ष म्हणाले होते. “आज नाही पडत,” बाबा म्हणाले होते.

खाली तिनं तीनदा आकडा विचारला होता आणि तिन्ही वेळा तिला आकड्याऐवजी गोल मिळाला होता. आता बाई पाटीला विचारणार होत्या.

तिनं चाळीस लिहिलं.

बाबांनी ते पाहिलं. टॉवेल खांद्यावर टाकून बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन बसले.

बाई आणि दातवाले काका वर आले, भिंगरीनं त्यांचेही आकडे लिहिले. बाईंनी पाटी मागून घेतली, चारही आकडे वाचले, एकदा भिंगरीकडे पाहिलं आणि पाटी परत दिली. ओरडा नाही, भाषण नाही. “आज तुम्ही बोट सांभाळा,” एवढंच बाबांना म्हणाल्या.

“हो,” बाबा म्हणाले.

“या, या,” बोटवाले काकांनी सरकून जागा केली. “अठ्ठेचाळीसवाल्यापेक्षा तुम्ही बरे. तो पत्ते खेळताना रडीचा डाव खेळतो.”

“मी ऐकतोय!” दातवाले काका सूटची चेन उघडताना ओरडले. मग बाबांच्या शेजारी बसून थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला, एक बाबांपुढं धरला. बाबांनी घेतला.

दुसरी डाइव्ह दीड तासानं. बाई भिंगरीला म्हणाल्या, “तू आमच्यात ये. तिघं उतरू.”

“आईची अट आहे, बाई. बाबा नसतील तर मी नाही.”

“मग मी कशाला मध्ये पडू? बाबा आहेत इथं. विचार.”

भिंगरी बोटीच्या टोकाला गेली. एवढ्या लहान बोटीवर ते अंतर तिला अठरा मीटरपेक्षा लांब वाटलं.

“बाबा, बाई बोलावतायत. जाऊ?”

बाबांनी चहाचा कप दोन्ही हातांत फिरवला. “पाटी आईला दाखवणार आहेस?”

“पाटी इथंच राहते, बाबा.”

“हं.” ते उठले. तिच्या दुसऱ्या, भरलेल्या सिलिंडरची तोटी पूर्ण उघडलीय ना ते पाहिलं, पट्टे ओढून पाहिले, काटा वाचला. “एकशे पंच्याण्णव,” मोठ्यानं म्हणाले, बाईंना ऐकू जाईल असं. “जा. ढिगाच्या शेवटी, डावीकडे.”

दुसऱ्या डाइव्हमध्ये तिघंही दर पाच मिनिटांनी एकमेकांना आकडा विचारत होते आणि आकडाच सांगत होते. बोटं मोडतील इतके आकडे. ढिगाच्या शेवटी, डावीकडे, टेबलाचा सांगाडा होता आणि त्यामागं तो होता. राखाडी, ठिपकेदार, जवळजवळ दातवाले काकांएवढा लांब, खालचा ओठ पुढं काढून. त्यानं तिघांकडे असं पाहिलं, की भिंगरीला न केलेला भूगोलाचा नकाशा आठवला. दातवाले काकांनी सवयीनं तोंड उघडायची खूण केली. हेडमास्तरांनी खरोखर तोंड उघडलं, आणि मिटलं. ती इतकी हसली की मास्कमध्ये पाणी शिरलं.

वर आली तेव्हा शिडीपाशी हात द्यायला बाबाच होते.

“होता?”

“होता.”

“केवढा?”

तिनं हात पसरले. पुरले नाहीत, आणखी पसरले.

“वाढलाय,” बाबा म्हणाले आणि तिचं सिलिंडर उचलून घेतलं.

घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली. सूट न्हाणीघरात धुवून टांगले. स्वयंपाकघरात आई जेवणाची ताटं मांडत होती. वाटेत गाडीत बाबा आणि भिंगरी फक्त पेट्रोल, भूक आणि रस्त्यावरचे खड्डे या विषयांवर बोलले होते.

“कसं झालं?” आईनं विचारलं.

“मस्त,” बाबा म्हणाले. “पाणी स्वच्छ होतं. आणि हिला दिसला बरं का तो मासा.”

“तुम्हाला?”

“मला… मी दुसऱ्या वेळेला नव्हतो उतरलो. पाठ जरा धरली होती.”

आईचा हात पाण्याच्या तांब्यावर थांबला. बारीक अक्षरं वाचणारे डोळे बाबांकडून भिंगरीकडे आले. “म्हणजे ही एकटी उतरली?”

“एकटी कशाला, अगं, बाई होत्या, डॉक्टर होते…”

“मी तुम्हाला विचारत नाहीये हो.”

भिंगरीनं खुर्ची ओढली, पण बसली नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसणं आता सोपं होतं. बाबांनी पाठीची सोय करून ठेवली होती. फक्त ‘हो’ म्हणायचं आणि ताट पुढं ओढायचं.

“पाठ नव्हती धरली,” ती म्हणाली. “हवा कमी झाली होती. शंभरला परत फिरायचं ठरलं होतं, बाबा सत्तरपर्यंत बोलले नाहीत. मी तीनदा विचारलं. मग मीच काटा बघितला आणि आम्ही वर आलो. चाळीस उरले होते. मी पाटीवर चाळीसच लिहिलं, म्हणून त्यांना दुसऱ्या वेळेला उतरता आलं नाही.”

बाबांनी खुर्चीच्या पाठीवर हात टेकले. “चाळीसमध्ये काही होत नाही,” ते आईला म्हणाले. मग, खाली बघून, “पण ती बरोबर सांगतेय.”

आईनं गॅस बंद केला. “मी फॉर्मवर सही करताना काय म्हणाले होते?”

“आठवतंय,” भिंगरी म्हणाली. या वेळी तिचा आवाज दाराशी येऊन परत फिरला नाही. “वेडंवाकडं झालं तर बंद. पण आई, वेडंवाकडं झालं नाही, कारण मी वेळेवर अंगठा दाखवला. म्हणून मी ठरवलंय, आणि तुम्हा दोघांना एकदमच सांगते. मी डायव्हिंग सोडणार नाही. पण बाबांबरोबर उतरणार नाही. बाबा आधी तलावात येतील, दर बुधवारी, नव्या पोरांच्या तुकडीत, पहिल्या धड्यापासून. बाई म्हणतील ‘झालं’, तेव्हा मी परत त्यांची जोडीदार. तोपर्यंत मी बाईंबरोबर. बाईंना मी बोटीवरच विचारलंय, त्या हो म्हणाल्यात. आणि पुढच्या रविवारी साडेसहाला निघायचंय.”